अक्कांचे स्टीलचे डबे

गिऱ्हाइकांचे ईमेल जमवून कंपनीची यादी वाढवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. पुण्याहून बंगळुरूला येऊन एचएसआर लेआउटमधल्या एका कंपनीत मी हेच करते, आणि त्यातलं आपल्याला बरंच कळतं अशी माझी समजूत होती. बसवनगुडीतल्या एका मेतकुटाच्या दुकानात ती धुळीला मिळाली.

दुकान चालवणाऱ्या अक्का तिथल्या जुन्या मराठी घरातल्या, सत्तरीच्या. त्यांच्या बोलण्यात कन्नड इतकं मिसळलेलं, की मेतकूट घ्यायला गेले तेव्हा पहिल्या भेटीत मी नुसतीच मान डोलावली होती. इमारत पाडायची ठरली आणि त्यांना दोन महिन्यांत दुकान सोडायचं होतं. मेतकूट, मसाले घरीही करता आले असते; पण गिऱ्हाइकांचं काय? कोणाचा पत्ता नाही, फोन नाही. शटर खाली आलं की इतक्या वर्षांची माणसं पांगणार.

"ह्यांना कळवायचं कसं, तेवढं सांग," अक्का म्हणाल्या.

मी लगेच शहाणपण पाजळलं. इंटरनेटवर स्पर्धा लावली: ईमेल द्या, मित्राला जोडा, महागडे हेडफोन जिंका! आठवड्यात हजारो पत्ते आले. मी हवेत. अक्कांचं पहिलं पत्र त्या सगळ्यांना गेलं आणि उत्तर आलं एकच. लुधियानाच्या विजेत्यानं विचारलं होतं, हेडफोन कधी मिळणार? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अक्का चिडल्या नाहीत. "स्वल्प थांब," म्हणत त्यांनी माळ्यावरून छोटे छोटे स्टीलचे डबे काढले आणि येणाऱ्या प्रत्येकाला मेतकुटाचा एक भरलेला डबा द्यायला लागल्या. "हा तुमचा नव्हे. ज्याला आवडेल त्याला द्या. डबा मात्र त्यानंच आणून द्यायचा, आणि वहीत तुम्ही दोघांनी ईमेल लिहायचा." आणणाऱ्याला नि पाठवणाऱ्याला, दोघांनाही डिंकाचा लाडू.

मी म्हटलं, "अक्का, प्लास्टिकची पाकिटं द्या. डबे कोण परत करतंय?"

"पाकीट फेकतात गं. दुसऱ्याचा डबा घरात राहिला की चैन पडतं का कुणाला?"

नाहीच पडत. महादेवपुऱ्याहून एक नागपूरकर जोडपं दोन बस बदलून डबा द्यायला आलं, आणि रिकामा कसा द्यायचा म्हणून त्यात चकल्या! कोणी कोडबळी, म्हणजे इथली कडबोळी आणली, कोणी शेंगदाण्याची चटणी. माणसं स्टुलावर बसून वहीत ईमेल लिहायची आणि जाताना स्वतःहून आणखी दोन डबे मागायची. पत्ते जमले जेमतेम अडीचशे. एकेक अक्षर लावून ते टाइप करताना मी मनातल्या मनात कान पकडत होते. एवढी वर्षं या धंद्यात काढून मला हे सुचलं नव्हतं.

शटर ओढलं त्या दुपारी अक्कांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिलं. "आजपासून दुकान नाही. मी घरी आहे. काही हवं असेल तर कळवा." पाठवलं. अक्का पदराचं टोक मुठीत धरून शेजारी बसल्या होत्या.

तासाभरात शंभरावर उत्तरं आली. मी वाचून दाखवायला लागले. पाव किलो मेतकूट, अर्धा किलो गोडा मसाला, पुन्हा मेतकूट. अक्का प्रत्येकाला "सरी, सरी" म्हणत होकार देत होत्या. मग एकाचं आलं, "अक्का, सामान हलवायला माणसं लागतील ना? आम्ही रविवारी येतो." त्याच्याखाली दुसरं तसंच, मग तिसरं. अक्कांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि डोळ्यांजवळ धरून एकेक नाव स्वतःच वाचायला सुरुवात केली.