स्वयंपाकघरातली पाठमोरी बाई

रेवसहून मुंबईला जाणाऱ्या लाँचमध्ये मोबाइलवर खेळत बसणाऱ्यांचा मला राग येतो. पण त्या दुपारी शेजारी बसलेल्या बाई साठीच्या होत्या, आणि मांडीवरच्या लॅपटॉपवर चक्क भुताचा खेळ खेळत होत्या. जुन्या व्हिडिओ गेमसारखी ठोकळ्याठोकळ्यांची चित्रं होती. एका काळोख्या घरातल्या वस्तूंवर क्लिक करत पुढे जायचं होतं.

मधूनमधून त्या स्क्रीनवरचे खाऱ्या पाण्याचे शिंतोडे पदराने पुसत होत्या. खेळातल्या स्वयंपाकघरात हिरव्या साडीतली एक बाई पाठमोरी उभी होती. तिच्यावर क्लिक केलं की ती वळून किंचाळायची, आणि खेळ पहिल्यापासून सुरू व्हायचा.

"मावशी, भीती नाही वाटत?" मी न राहवून विचारलं.

"माझ्या मुलाने केलाय हा. घर आमचंच आहे, रेवदंड्याचं. साडीही माझीच." मग स्क्रीनकडे बघतच त्यांनी विचारलं, "मी एवढी ओरडायचे का हो?"

मुलगा कुठे असतो, एवढंच मी विचारलं.

"मुंबईत. बोलत नाही माझ्याशी."

दोघांपैकी कोणाचा राग यावा, ते मला कळेना.

भाऊचा धक्का आला. लोक पिशव्या घेऊन उठले. त्या मात्र खेळातल्या बाईला एकेक वस्तू देऊन बघत होत्या. पाण्याचा तांब्या दिला, गजरा दिला, शाळेचं दप्तर दिलं. दर वेळी तीच किंकाळी.

"असल्या खेळात भूत शांत करायला काहीतरी ठेवलेलं असतं म्हणे," लॅपटॉप न मिटताच त्या म्हणाल्या. "त्याने ठेवलं असेल ना?"