मुलीच्या खेळाला मी मिळवून दिलेले तारे

माझ्या मुलीने नोकरी सोडली आणि दोन वर्षे शहाद्याच्या घरात बसून मोबाइलवरचा एक भीतीचा खेळ बनवला. खेळणारा बंद पडलेल्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, एकटा अडकतो. सगळं त्याच्याच डोळ्यांनी दिसतं आणि कोडं सुटलं तरच पुढच्या खोलीचं दार उघडतं. कापसाच्या यंत्रांचे आवाज तिने आमच्या भागातल्या जिनिंगमध्ये जाऊन टिपले होते. त्या दोन वर्षांत मी तिला टोचून बोलत राहिलो. "लोकांना काय सांगू, पोरगी भुतं बनवते?"

खेळ ॲप स्टोअरवर लोकांसमोर आला तेव्हा अनोळखी खेळाडूंचे मोजके अभिप्राय आले. एकाने लिहिलं, कापसाच्या गंजीमागून श्वास ऐकू आला आणि मी फोन उलटा ठेवला. दुसऱ्याने दोनच तारे दिले आणि तराजूचं कोडं कसं अन्यायाचं आहे ते लांबलचक समजावलं. ती त्याच्यावरच जास्त खूश झाली आणि कोडं दुरुस्त करायला बसली. मला मात्र ते दोन तारे बोचले.

मी समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकली. लग्न असो की दहावीचा निकाल, आहेर द्यायला आमच्यात कोणी मागे राहत नाही. मी लिहिलं, "आपल्या लेकीचा खेळ आहे. सर्वांनी पाच तारे द्यावेत." दुपारपर्यंत अभिप्रायांची रांग लागली. "अभिनंदन बेटा, समाजाचं नाव उज्ज्वल केलंस." माझ्या बहिणीने लिहिलं, "फोनमा जागा नही, खेळ मी काढी टाका, पन पाच तारा दिन्हात."

खरे खेळाडू हसू लागले. "या जिनिंगमध्ये भूत कमी, काका जास्त."

मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "पप्पा, तुम्ही किती खोल्या खेळलात?"

"पहिलंच दार उघडलं नाही गं."

"मग पाच कशाचे दिलेत?"

घाबरून मी ग्रुपवर लिहिलं, कृपया अभिप्राय काढून घ्यावेत. दिलेला आहेर परत केल्यासारखं झालं ते. चुलतभावाचा फोन आला, "आमना तारा तुले जड व्हयनात का रे?" रुसलेल्यांनी पाचाचा एक केला. दोन दिवसांनी खोट्या अभिप्रायांचं कारण देऊन ॲप स्टोअरच्या कंपनीने खेळच काढून टाकला. तिने विनंतीची पत्रं पाठवली. नकार आला.

खेळाबरोबर अनोळखी माणसांचे अभिप्रायही गेले. ती रडली नाही. वही घेऊन ते आठवून आठवून लिहू लागली. मध्येच मला म्हणाली, "तो फोन उलटा ठेवणारा, पाचव्या खोलीत घाबरला होता ना?"

वाचताना मी फक्त तारे पाहिले होते.

आता ती पुण्याला असते. खेळ तिने दुसऱ्या नावाने पुन्हा टाकलाय, एवढं तिच्या आईकडून कळलं. मी फोनवर भीतीचे खेळ शोधत बसतो, एकेक उघडून पाहतो. कुठे जिनिंग दिसत नाही. कदाचित जागाही तिने बदलली असेल.

परवा फोनवर धीर करून विचारलं, "लोक काय म्हणतात?"

"खेळतायत," ती म्हणाली, आणि आईला फोन द्यायला सांगितलं.

खेळाचं नवं नाव विचारायचं मनात होतं. मी फोन तिच्या आईकडे दिला.