टाके न घातलेली जखम

"ही मूळव्याध नाही," हातमोजे काढत सर्जन म्हणाले. "पेरिएनल ॲब्सेस आहे. म्हणजे गुदद्वाराच्या शेजारी पू साठून झालेला फोड. आजच चिरून पू काढावा लागेल."

आजच? मला तोच शब्द टोचला. नांदेडच्या त्या दवाखान्यात येऊन आम्हाला तासही झाला नव्हता. घाई करणारा माणूस भाजीवाला असो की डॉक्टर, मी दोन पावलं मागेच सरते. या स्वभावापायी सासरी मी बरीच बोलणी खाल्ली आहेत.

आम्ही कंधार तालुक्यातले. घरची शेती आहे, यांचा निम्मा दिवस ट्रॅक्टरवर जातो. दुखणं सुरू झालं ते मला कळलंच नाही. कळलं एवढंच की हे चहा उभ्यानेच घेतात, मोटारसायकल सोडून पायी जातात आणि स्वतःचे कपडे स्वतः धुतात. लग्न झाल्यापासून ज्या माणसाने कधी रुमालसुद्धा पिळला नाही, तो बनियन-चड्डी धुतोय म्हटल्यावर पाणी कुठेतरी मुरतंय हे नक्की. मी खिसे तपासले, फोन तपासला. शेवटी सापडली ती करदोड्याला बांधलेली कसलीशी मुळी.

"हे काय हो?"

"उष्णता झालीय. बांध म्हणले, बांधलो."

आमच्याकडे त्या जागेच्या सगळ्या दुखण्यांना दोनच नावं आहेत, उष्णता आणि मूळव्याध. मग वांगं बंद, मिरची बंद, सब्जा सुरू. मला न सांगता हे एका बोर्डवाल्याकडेही जाऊन आले होते. बोर्डावर लिहिलेलं, 'विनाऑपरेशन, शंभर टक्के गॅरंटी'. त्याने काही न बघताच मलम दिलं आणि पुढच्या खेपेला इंजेक्शन मारू म्हणाला. त्याआधीच यांना थंडी वाजून ताप भरला. तेव्हा कुठे मला दाखवलं. लिंबाएवढी लाल, गरम गाठ. हातसुद्धा लावू देईनात.

तर त्या दिवशी सर्जननी रक्त तपासायला सांगितलं. शुगर बरीच वर निघाली. यांना कधीच शुगर नव्हती, निदान आम्हाला ठाऊक नव्हती. फोड कुठे आणि शुगर कुठे? मला वाटलं, लॅबवाल्याशी साटंलोटं असणार. मी यांना तशाच तापात समोरच्या दुसऱ्या लॅबमध्ये नेलं. तिथेही आकडा तसाच.

परत आल्यावर सर्जन चिडले नाहीत. "विचारा, काय विचारायचंय ते," म्हणाले. मी सगळं विचारलं. गुदद्वाराच्या आत बारीक ग्रंथी असतात. एखादी तुंबली की तिथे जंतू वाढतात आणि पू होतो. वांग्याचा, ट्रॅक्टरच्या सीटचा त्याच्याशी संबंध नाही. मूळव्याध म्हणजे फुगलेल्या रक्तवाहिन्या, फिशर म्हणजे पडलेली चीर, आणि हा तिसराच प्रकार. पू साठला की नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, तो बाहेर काढावाच लागतो. शुगरच्या माणसात तो झपाट्याने पसरतो आणि जिवावर बेतू शकतं.

"मग तुम्ही गॅरंटी देता का?" मी विचारलं.

"नाही. हा फोड बरा होईल असं वाटतं. पण काही जणांना पुढे फिस्टुला होतो, भगंदर म्हणतात त्याला. मग पुन्हा ऑपरेशन लागतं. तुमच्या मिस्टरांना होणार नाही असं मी सांगू शकत नाही."

गॅरंटी देणाऱ्याकडे जाऊन यांची ही गत झाली होती. हा माणूस मात्र गिऱ्हाईक पळून जाईल असं बोलत होता. मी सही केली. आत नेताना हे माझ्याकडे बघत होते आणि मला एवढी भीती वाटली की नीट हसूनही दाखवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगला मी हट्टाने पडद्याआड थांबले. जखम उघडी! एक टाका नाही!

"अहो सिस्टर, डॉक्टर शिवायचं विसरले की!"

सिस्टर हसायलाच लागल्या. "विसरले न्हाईत ताई. वरून शिवलं तर पू आतच ऱ्हातो. ही आतून भरत येती."

माझा विश्वास बसला नाही, तरी सांगितलं तसं केलं. घरी सकाळ-संध्याकाळ आणि शौचानंतर कोमट पाण्याच्या टबात बसवायचं, रोज ड्रेसिंग, शुगरच्या गोळ्या. जखम खरोखर आतून भरत आली.

पण दोन-तीन महिन्यांत तिथेच एक पुटकुळी आली आणि अंतर्वस्त्राला ओल लागू लागली. फिस्टुला. आतल्या ग्रंथीपासून कातडीपर्यंत पडलेली बारीक वाट. सर्जन म्हणाले, औषधी दोऱ्याने ही वाट बंद करतात, आणि ते करणाऱ्या एका डॉक्टरांचं नाव दिलं. मला पुन्हा कमिशनचा वास आला. मी मुद्दाम लातूरला, बहिणीच्या गावी, सर्जनच्या ओळखीपाळखीचा नसलेला डॉक्टर गाठला. एमआरआय झाला. लातूरच्या डॉक्टरांनी अगदी तेच सांगितलं, जवळजवळ त्याच शब्दांत. त्या वाटेत औषधी दोरा घालायचा, क्षारसूत्र, आणि वाट बंद होईपर्यंत दर आठवड्याला बदलायचा. लातूरला नवा दोरा घालताना हे दातांवर दात दाबून धरत. मी बाहेरच्या बाकावर बसून, शेजारची माणसं इथून बरी होऊन जातात की नाही, याची चौकशी करत असे.

शेवटच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, "भरलं. आता शुगर सांभाळा. परत दुखलं, ओल आली, तर लगेच या."

नांदेडच्या आणि लातूरच्या, दोन्ही डॉक्टरांची मी ऋणी आहे. त्यांनी माझ्या शंकांचा राग मानला नाही. तुमच्यावर ही वेळ आली तर तुम्हीही डॉक्टरांना खुशाल विचारा, पण दाखवायला उशीर करू नका. ताप आणि ठणकणारी गाठ असेल तर त्याच दिवशी निघा. आणि घरातलं माणूस गप्प झालं तर आधी त्याच्यावर संशय घ्या, तसला संशय चांगला.

त्या शेवटच्या तपासणीनंतर आम्ही लातूरच्या दवाखान्यातून पायी बहिणीकडे निघालो होतो. मी विचारलं, "त्या बोर्डवाल्याला सांगितलं. मला काहून नाही सांगितलं? लाज वाटली?"

हे चालता चालता थांबले. मग म्हणाले, "आमच्या चुलत्याला तिथंच कॅन्सर झाल्ता. मला वाटलं, आपलंबी तेच हाय. तुला सांगितलो असतो तर तू दवाखान्यात नेली असतीस. मग कळलं असतं."

भर रस्त्यात मी यांचा हात धरला. समोरून बहिणीच्या गल्लीतल्या बायका येत होत्या, तरी यांनी तो सोडवून घेतला नाही.