खाइन्झा मॅडमचा मेलेला नवरा

गोष्ट शिकवायची म्हटलं की खाइन्झा मॅडम फळ्यावर डोंगर काढायच्या. युगांडातल्या एल्गॉन डोंगराच्या उतारावरच्या त्या शाळेत डोंगर वेगळा समजावून सांगावा लागत नसे. "पायथ्याशी माणूस. चढताना संकटं, प्रत्येक आधीच्यापेक्षा मोठं. शिखरावर वाचणाऱ्याचा श्वास अडकला पाहिजे!" चाचणी तोंडावर आली म्हणून त्यांनी लगोलग मन वळवणारं पत्र लिहायचा धडाही उरकला. तिथंच घात झाला.

कारण तेव्हाच त्यांच्या बदलीचा हुकूम आला. दूर उत्तरेला, कारामोजात. इंग्रजीच्या नुसत्या नावानं थिजणारी पोरं त्यांनी इंग्रजीत भांडायला शिकवली होती आणि हाच वर्ग पुढच्या वर्षी मोठ्या परीक्षेला बसणार होता. त्याला अर्ध्यावर टाकून जायचं म्हणजे जिवंत काहीतरी पुरून निघाल्यासारखं त्यांना वाटे. बोलल्या मात्र कुणाशीच नाहीत.

वर्गानं परस्पर शिक्षणाधिकाऱ्यांना बदली थांबवा म्हणून पत्र धाडलं.

शनिवारी शिक्षणाधिकारी ओपोलोट साहेब स्वतःच धापा टाकत मॅडमच्या दारात उभे. काखेत जिवंत कोंबडी, चेहरा सुतकी.

"फार वाईट झालं, मॅडम. मला उशिरा कळलं."

"काय कळलं, साहेब?"

"तुमचे यजमान..."

यजमान गिदुदू केळीचा घड खांद्यावर घेऊन मागून आले. "या, या! कोण गेलं?"

साहेबांनी वर्गाचं पत्र पुढं केलं. त्यात आधी मॅडमची कॉफीची रोपं वाहून गेली होती. मग भिंत खचली होती. शिखरावर गिदुदू मेले होते. रचनेत खोट काढायला जागा नव्हती. अक्षर काकाईचं, वर्गातल्या सगळ्यात आगाऊ पोरीचं.

"तरीच," गिदुदू म्हणाले, "चार दिवस ती मला बघून पळतेय. मला वाटलं, भूतबित दिसलं हिला!"

सांत्वनाला आणलेली कोंबडी माघारी न्यायची नसते. ती शेंगदाण्याच्या रश्श्यात शिजली. कोंबडीचा पेटा, म्हणजे जठराचा तुकडा, हा तिकडं घरधन्याचा मान. गिदुदूंनी तो साहेबांच्या ताटात सरकवला. "घ्या. मेलेल्याला कशाला?"

साहेबांना ठसका लागला. मग आवाज चढवून म्हणाले, "हसण्यावारी नेऊ नका! असलं लिहायला पोरांना शिकवलं कुणी?"

"मीच," मॅडम म्हणाल्या. "गोष्ट रचायला शिकवली, पटवायला शिकवलं. खऱ्याच्या जोरावर पटवणं तेवढं राहिलं आणि तुमचा हुकूम आला. पोरं अशी अर्धीकच्ची सोडून गेले, तर पुढची पत्रंही तुमच्याच टेबलावर येतील, साहेब."

साहेब चावायचे थांबले. "ही धमकी आहे, बाई?"

"विनंती आहे. पुरावा तुमच्या खिशात आहे."

बाहेर धुकं केळीत उतरत होतं. साहेबांनी हाड चोखून ताटाच्या कडेला ठेवलं.

"हा वर्ग बाहेर पडेपर्यंत राहा," ते शेवटी पुटपुटले. "पण आधी त्यांना खरं लिहायला शिकवा. सोमवारपासून."

मॅडमनी न विचारताच साहेबांच्या ताटात आणखी रस्सा वाढला.