अंजनाबाईंची अढी

महाल वस्तीतल्या अंजनाबाईंचा व्यवहार अगदी रोखठोक. जी आपल्याकडे पापड लाटायला आली तिच्याकडे जायचं, जी आली नाही तिच्या दारात फिरकायचं नाही. उन्हाळ्यात सगळी गल्ली याच रीतीनं चालायची, म्हणून कुणी अंग चोरायचं नाही. अंजनाबाई त्यातही जरा जास्तच कडक. चुकणारीशी त्या वर्षभर अबोला धरून असत.

समोरची सुभद्रा मात्र त्यांची जिवाभावाची. एका वर्षी पापडाचं पीठ कुटून तयार, बायका पोळपाट घेऊन बसलेल्या, आणि सुभद्राचा पत्ता नाही. अंजनाबाईंनी नवऱ्याला, चंपतरावांना, बोलवायला धाडलं. ते परत येऊन म्हणाले, "आज जमत नाई म्हनते. दाराआडूनच बोलली."

झालं! पुढच्या आठवड्यात सुभद्राकडे पापड होते, तिथं अंजनाबाई गेल्या नाहीत. मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सुभद्रा आली नाही. यांनी तिच्या मुलाच्या लग्नात पाय ठेवला नाही. अशी कितीतरी वर्षं दोघी एकमेकींचं उट्टं काढत राहिल्या, आणि सुरुवात तिनंच केली, असं दोघींनाही अगदी मनापासून वाटत राहिलं.

चौऱ्याऐंशी साली, कॉलेजात गणित शिकवणारी अंजनाबाईंची मुलगी शामला एक गंमत सांगत बसली होती. परदेशात कुणी कॉम्प्युटरवर खेळ लावला होता. दोन खेळाडू, दर डावाला साथ द्यायची की दगा, एवढंच ठरवायचं. पहिल्या डावाला साथ देऊन पुढं समोरचा वागेल तसं वागणारा त्यात जिंकला. माणसात चांगुलपणा असाच रुजला असेल, असं काही शास्त्रज्ञ म्हणत होते.

"पन आई, दोघंही तसेच असले अन् एकाच्या ऐकन्यात चूक झाली, तं दगा थांबतच नाई. कोनीतरी एकदा सोडून द्या लागते."

रात्रभर अंजनाबाईंना झोप लागली नाही. सकाळी उठून त्या समोर गेल्या. सुभद्रा दुखण्यानं अंथरुणाला खिळली होती.

"त्या दिवशी काहून नाई आली वं?"

"कावळा शिवला होता ना मले," सुभद्रा म्हणाली. पाळीत पापडाला हात लावला तर पापड लाल पडतात, अशी तेव्हाची समजूत. "भाऊजींले कसं सांगू? मले वाटलं, तू बाईमानूस, समजून घेशीन."

अंजनाबाई तिच्या उशाशी ढसाढसा रडल्या. आपल्या हट्टापायी किती उन्हाळे वाया गेले, या विचारानं त्यांना स्वतःचीच लाज वाटली. यंदा पापड मिळून करायचे, असं दोघींनी ठरवलं. पण होळीच्या आधीच सुभद्रा गेली.

तेरवीहून परतताना अंजनाबाईंनी मुलीला विचारलं, "शामले, तुह्या त्या खेळात शेवटचा डाव कोनता, हे आधी समजते का वं?"

"तसं सांगत नाईत, आई."

"मले वाटत राह्यलं," अंजनाबाई म्हणाल्या, "बहुत डाव बाकी हायेत."