सहज झेल

दादाला पंचगिरी करायला कुणी सांगितलं होतं, देव जाणे! आठवडाभर चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायच्या, फ्रेमचे बारीक स्क्रू आवळायचे, आणि रविवारी उन्हात उभं राहून मुलींच्या सॉफ्टबॉलमध्ये शिव्या खायच्या. "पंचाला चष्मा द्या!" हे तर दर सामन्याला ठरलेलं.

त्यात एका नियमाने त्याचं डोकं खाल्लं होतं. इनफिल्ड फ्लाय. एकदा जेवणाच्या टेबलावर चार बशा मांडून तो आईला समजावत होता, "पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर मुली आहेत, डावात आऊट अजून दोनपेक्षा कमी आहेत, आणि चेंडू उंच उडाला. बेसजवळच्या कुणालाही सहज झेलता येईल असा. तर मी हात वर करून ओरडायचं. बॅटवाली आऊट."

"झेलला का पण?"

"नाही झेलला तरी आऊट."

"अरे, मग झेलायचा कशाला?"

"अगं, नाहीतर चेंडू मुद्दाम पडू देतात आणि झेल होणार म्हणून बेसवर थांबलेल्या दोघींना पळावं लागलं की आऊट करतात. ती लबाडी होऊ नये म्हणून."

"आणि सहज आहे की नाही, ते कोण ठरवणार?"

"मीच."

"झालं मग कल्याण," आई म्हणाली आणि बशा उचलून घेऊन गेली.

पण खरंच, सहज म्हणजे कुणाला सहज? नियम म्हणतो, साधारण खेळाडूला. साधारण म्हणजे कोण? दाढीचा फेस तोंडाला असतानाही तो मला हेच विचारायचा. मला काय कळतंय, कपाळ!

मी शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभी राहणारी. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आठ महिन्यांनी परत आले होते. कोचबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "गुडघा अडतोय असं दिसलं, की तू बाकावर." नेमका सेमीफायनलचा पंच आजारी पडला आणि दादाला उभं केलं. दोन्ही संघ चालेल म्हणाले.

शेवटचा डाव. आम्ही एका धावेने पुढे. त्यांची एक आऊट, पहिल्या-दुसऱ्या बेसवर दोघी. चेंडू उडाला तो थेट माझ्या डोक्यावर. शेंबडं पोरही झेलेल असा! मी दादाकडे बघितलं. हात खालीच, तोंड बंद. आणि बघतोय कुठे, तर माझ्या गुडघ्याकडे! असा संताप आला म्हणून सांगू. मी चेंडू समोर पडू दिला, उचलला, तिसऱ्या बेसला फेकला, तिथून तो दुसऱ्याला गेला. दोघी आऊट, एकूण तीन झाल्या, डाव संपला. आम्ही जिंकलो.

"भावाने बहिणीला सामना दिला!" समोरचा संघ खवळला. संघटनेचे साहेब आले. त्यांनी आधी मलाच विचारलं, "तो झेल तुला सहज होता का?"

हो म्हणावं, तर दादा लबाड ठरतो. नाही म्हणावं, तर कोचबाई शेजारीच उभ्या. आणि नियम म्हणतो साधारण खेळाडू, मग मला का विचारताय? मी साधारण आहे की नाही, हेच तर आठ महिने कुणी सांगत नव्हतं.

"नव्हता," मी म्हटलं. "गुडघा अडला."

"खोटं बोलतेय ती," दादा म्हणाला. "सहज होता. हात मी वर करायला हवा होता."

"मग का नाही केलात? पंच म्हणून बघत होतात की भाऊ म्हणून?"

"तेच तर कळत नाहीये, साहेब."

त्याचा बिल्ला काढून घेतला. सामना पुन्हा खेळवायचं ठरलं, आणि शॉर्टस्टॉपला मीच राहणार असं कोचबाईंनी तिथेच सांगितलं. मला आनंद व्हावा की काय व्हावं, समजेना.

घरी जाताना मी त्याला फैलावर घेतलं. "मी सांभाळून घेत होते ना? गप्प बसला असतास तर काय बिघडलं असतं?"

"एकदा बसलो होतो की गप्प, चेंडू हवेत असताना," तो म्हणाला.