दोन अष्टम्या आणि एक फड

“मॅडम, शनिवारी गाड्या आणून काय उपेग? जत्रा रविवारी हाय आमची.”

करंजवाडीच्या जत्रा कमिटीचे सदाभाऊ फोनवर असं म्हणाले, तेव्हा माझ्या हातात हिरवा मार्कर होता. खेळाच्या दोन-तीन दिवस आधी मी प्रत्येक गावाला फोन करते. मैदान, पाणी, वीज, मुक्कामाची जागा. चारही उत्तरं नीट आली की यादीतल्या त्या ओळीवर हिरवी रेघ मारायची. तो गुरुवार होता.

“सदाभाऊ, तुमची जत्रा अष्टमीची ना? कॅलेंडरमध्ये अष्टमी शनिवारी आहे.”

“रविवारी पन हाय की. बघा नीट. यंदा दोन आल्यात. दोन आल्या की आमी दुसरी धरतो. आज्यापासनं तसंच व्हतंय.”

मी कॅलेंडर बघितलं. खरंच दोन होत्या. कधीकधी एकच तिथी दोन दिवस चालते, हे मला माहीत होतं. कोणतं गाव कोणता दिवस धरतं, हे विचारायचं असतं, ते माहीत नव्हतं. आणि रविवारच्या ओळीवर आधीच हिरवी रेघ होती. त्या दिवशी जुन्नर तालुक्यातलं पिंपळमाळ होतं.

मी तमाशा फडाची मॅनेजर आहे. फड म्हणजे आमची कंपनी: साठ माणसं, तीन ट्रक, एक बस. आधी मी चाकणच्या कारखान्यात डिस्पॅचला होते. माल वेळेवर, योग्य पत्त्यावर पोचवायचा, एवढंच काम. इथंही तेच, फक्त माल बोलतो आणि चहा मागतो. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात सगळे फड राहुट्या टाकतात. राहुटी म्हणजे हंगामापुरतं उभं केलेलं बुकिंग ऑफिस. गावोगावचे लोक तिथं येऊन सुपारी देतात, म्हणजे आपल्या जत्रेचा खेळ ठरवतात. माझ्या आधीचे मॅनेजर रजिस्टरमध्ये नुसती तिथी लिहायचे. मी आल्यावर सगळं कॉम्प्युटरवर घेतलं आणि तारखेचा रकाना केला. त्या रकान्याचा मला फार अभिमान होता.

मी अक्कांकडे गेले. अक्का आमच्या फडाच्या मालक. त्यांच्या आईनं फड उभा केला, तेव्हा सामान बैलगाडीतून फिरायचं. सुपारी घेतली आणि गेलो नाही, असं एकही गाव त्या काळापासून आजवर नाही. ही गोष्ट अक्का कधी बोलून दाखवत नाहीत. पण राहुटीवर येणारी निम्मी गावं तेवढ्यासाठीच येतात. एक गाव चुकलं असतं, तर पुढच्या पाडव्याला ते सगळ्या नारायणगावाला कळलं असतं.

मी सगळं सांगितलं. चूक माझी, हेही सांगितलं.

“चूक कुणाची ते हंगाम संपल्यावर बघू,” अक्का म्हणाल्या. “आता दोन गावं आन् एक फड. करंजवाडी हालत न्हाई?”

“नाही. देवाची पालखीच रविवारी आहे.”

“पिंपळमाळ?”

“त्यांचाही रविवार ठरलेला. पाहुण्यांना निरोप गेलेत.”

अक्कांनी थोडा वेळ पान जुळवलं. मग म्हणाल्या, “पिंपळमाळला दिवसा खेळ करू.”

जत्रेत रात्री तमाशा होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढं हजेरी होते. हजेरी म्हणजे दोन-चार गाणी, थोडी थट्टामस्करी, देवाला आणि गावाला रामराम. अक्का हजेरीबद्दल बोलत नव्हत्या. त्या आख्खा खेळ म्हणत होत्या: गण, गवळण आणि पुढचा वग. वग म्हणजे राजा-राणीचं पूर्ण नाटक. तेही चैत्राच्या उन्हात.

“अक्का, दिवसा वग कधी झालाय?”

“आईच्या वेळी. गॅसबत्त्यांना रॉकेल मिळंना, तवा एक आख्खा हंगाम दिवसा काढला. गाडी काढायला सांग. मी येते.”

त्यांना येण्याची गरज नव्हती. बोलणी मॅनेजर करतो. पण त्या आल्या.

पिंपळमाळच्या कमिटीचे अध्यक्ष पोपटशेठ देवळाच्या सभामंडपात बसले होते. मी बोलायच्या आतच अक्का म्हणाल्या, “शेठ, आमची चूक झाली. एका दिवशी दोन गावं घेतली.”

‘आमची’ म्हणाल्या. मी मान खाली घातली.

पोपटशेठनी सगळं ऐकून घेतलं. “अक्का, पावणं येत्यात रातच्याला. दिवसा कोन बघतंय? आन् उजेडात राजाच्या मिशीचा डिंक दिसतो राव!”

“दिसू दे. डिंक दिसूनबी राजा दिसला पायजे. ते आमचं काम.”

“आन् न्हाई दिसला तर?”

“तर पुढच्या वर्षी दुसरा फड बघा. मी राहुटीत तुमची वाट बघणार न्हाई.”

ऐन हंगामात तीन दिवसांत दुसरा फड मिळत नाही, हे पोपटशेठनाही ठाऊक होतं. पण ते त्यामुळे तयार झाले असं मला वाटत नाही. ते अक्कांकडे बघत राहिले आणि म्हणाले, “बरं. पन गावानं तोंड फिरवलं तर मला बोल लावायचा न्हाई.”

परत निघताना अक्का गाडीत बसल्या नाहीत. देवळाच्या पायरीवर दोन बायका तांदूळ निवडत होत्या. त्यांच्याशेजारी जाऊन टेकल्या. दहा मिनिटांनी आल्या आणि मला म्हणाल्या, “लिही. रंगमंच मैदानात नको. देवळाकडं तोंड करून. खेळ साडेदहाला.”

“का?”

“लिही तर.”

मी यादीचे दोन भाग केले. रात्रीचं सामान, म्हणजे जनरेटर, लाइट, दुसरा रंगमंच, करंजवाडीला सरळ रवाना. दिवसाचं पिंपळमाळला. लाइटच्या जागी सावलीसाठी कापड. ढोलकी, हलगी, पेटी, कपडे आणि माणसं यांचे दोन भाग होत नाहीत. ती दोन वाजता पिंपळमाळहून उठवायची आणि नारायणगावच्या टोमॅटो मार्केटची गर्दी चुकवून सहाच्या आत करंजवाडीत उतरवायची.

लहूतात्या आमचे सोंगाड्या. वगात लोकांना हसवायचं काम त्यांचं. मला ते यादीबाई म्हणतात.

“यादीबाई, रात्री निम्मं गाव आधीच लावून आलेलं असतं, ते बसल्याबसल्या हसतं. दिवसा शुद्धीतल्या माणसाला हसवायचं. तुमच्या यादीत ह्याला काय औषध हाय?”

मी यादीत पाण्याची दोन पिंपं वाढवली.

रविवारी साडेदहाला समोर नऊ माणसं होती. मी मोजली, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. बाप्ये घरोघर पाहुण्यांच्या सरबराईत होते. पोपटशेठ खुर्चीत बसून घड्याळाकडे बघत होते. अक्कांनी ढोलकी आणि हलगीवाल्यांना रंगमंचावरून उतरवून देवळाच्या पायरीवर उभं केलं आणि म्हणाल्या, “वाजवा.”

तेवढ्यात गल्लीतून पहिली बाई आली. हातात नैवेद्याचं ताट, वर झाकलेला रुमाल. तिच्यामागं दुसरी, मग दहा, मग मोजणं मी सोडून दिलं. त्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरातून एक तरी बाई नैवेद्य घेऊन देवळात येते आणि ती येते साडेदहा ते अकराच्या दरम्यान. पायरीवर बसून अक्कांनी एवढंच विचारून घेतलं होतं.

देवाला नैवेद्य दाखवून बायका वळल्या की समोर रंगमंच. थोड्या घुटमळल्या. एका म्हातारीनं रिकामं ताट उलटं घातलं आणि त्यावर बसली. मग सगळ्याच बसल्या. कुणी छत्री उघडली, कुणी पदर ओढला. मी पाण्याची पिंपं पुढं घेतली.

गवळण रंगली. वग सुरू झाला आणि बायकांमागं बाप्येही येऊन उभे राहिले, कारण घरात वाढायला कुणी नव्हतं.

दरबाराच्या प्रवेशात घात झाला. आमच्या राजाला घामाच्या धारा लागल्या होत्या. डिंक सुटला आणि भर न्यायनिवाड्यात मिशीची एक बाजू खाली लोंबली. पोपटशेठनी माझ्याकडे बघितलं. मी यादीकडे बघितलं.

रंगमंचावर लहूतात्यांनी हात जोडले. “म्हाराज, मिशी कुठं निघाली?”

राजानं मिशी हातानं दाबून धरली.

“आलं ध्येनात! तिनंबी करंजवाडीची सुपारी घेतलीया!”

सगळ्यात आधी हसले पोपटशेठ. आमच्या चुकीची बातमी गावभर झालेलीच होती, त्यामुळे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. हसू मागपर्यंत गेलं आणि परत पुढं आलं. राजानं सावकाश मिशी काढली, कमरेच्या शेल्यात खोवली आणि म्हणाला, “प्रधानजी, आता मिशीवाचून न्याय करतो.” आणि केला. शेवटी त्याची राणी त्याला सोडून जाते तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायका रडत होत्या. मिशीची आठवण कुणालाच नव्हती, मलासुद्धा. मी वीस-बावीस वेळा तो वग विंगेतून बघितला असेल. त्या दिवशी पहिल्यांदा हातातली यादी खाली ठेवून बघितला.

दोनला उठायचं होतं. अडीच झाले. बायका आणखी एक गाणं मागत होत्या. अक्का पुढं आल्या, वाकून रामराम केला आणि म्हणाल्या, “बायांनो, म्होरलं गाव वाट बघतंय. तुमच्यापायी त्यांना उशीर नको, न्हाईतर ते बी मला दिवसाच बोलावतील.”

ताटावर बसलेली म्हातारी अक्कांचा हात धरून म्हणाली, “नांदाय आले तवापासनं तमाशा ऐकते, घरात पडून. आज बघितला.”

अक्कांनी तिचं ताट उचलून, पदरानं पुसून तिच्या हातात दिलं.

करंजवाडीत आम्ही सहाला दहा कमी असताना उतरलो. रात्रीचा खेळ ठरल्या वेळी सुरू झाला. सदाभाऊंना अजूनही माहीत नाही की ती माणसं त्या दिवशी एकदा राज्य करून आली होती.

पुढच्या पाडव्याला पोपटशेठ राहुटीत आले. मी यादी उघडली. “रात्रीचा खेळ ना?”

“दिवसाचा लिहा.”

“आणि रात्रीचा?”

“तो बी लिहा. पन आधी दिवसाचा. घरनं तसंच सांगितलंय.”

माझ्या यादीत आता एक रकाना जास्त आहे. तारखेच्या शेजारी ‘अष्टमी कोणती?’ असं असतं आणि उत्तर कॅलेंडर बघून नाही, गुरवाला फोन करून भरायचं असतं. यादी करणाऱ्यानं एवढं लक्षात ठेवावं: गावं आपल्या रकान्यात राहायला येत नाहीत.

छापून काढलेल्या यादीच्या तळाशी लहूतात्यांनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली आहे. मी ती खोडलेली नाही. ‘मिशी: नग दोन.’